बाटलीचं वय

वेंगुर्ल्यात खिडकीचे गज दर दिवाळीआधी खरवडून रंगवावे लागतात. एक वर्ष आळस केला की खारा वारा आपलं काम साधतो आणि रंगाखालून लोखंडाचे पापुद्रे सुटायला लागतात. माझ्या औषधांच्या दुकानाचं शटर तर वंगणावरच जगतं. त्यामुळे कॉस्मेटिक कंपनीचा एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, भर दुपारी घाम पुसत येतो, काउंटरवर चकचकीत पुस्तिका उघडतो आणि "मॅडम, लोखंड गंजतं तशी त्वचा गंजते, आमचं अँटिऑक्सिडंट सीरम म्हणजे त्यावरचा रंग," असं पाठ केलेलं वाक्य म्हणतो, तेव्हा त्याला वाटत असावं की समुद्रकाठच्या बाईला हे जास्त समजवायलाच नको.

मला ती उपमा मुळीच पटत नाही. गंजलेला गज स्वतःची डागडुजी करत नाही, कातडी करते. तिचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो, आतही सतत काहीतरी सांधणं चाललेलं असतं, आणि वय वाढतं म्हणजे बऱ्याच अंशी हे सांधणं मंदावतं. शिवाय गजाला रंग लावला की वर्षभराची निश्चिंती. तीच निश्चिंती गिऱ्हाइकाला वाटावी म्हणून तर गंजाची गोष्ट सांगायची!

कातडीत काय होतं ते पाहायचं असेल तर फडताळातली तेलाची बरणी उघडावी. करडईचं तेल उन्हाच्या कवडशात राहिलं की थोड्याच दिवसांत खवट वास मारतं. प्राणवायू, उजेड आणि उष्णता ही तिघं मिळून तेलाच्या रेणूंतले कार्बनचे दुहेरी बंध गाठतात. तिथला एखादा हायड्रोजन निसटला की मागे एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो आणि तो रेणू बिथरतो. प्राणवायू पकडतो, शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतो, मग शेजारी बिथरतो. असे बिथरलेले रेणू म्हणजे फ्री रॅडिकल. त्यात लोखंडाचा किंवा तांब्याचा अंश असला तर ही रांग आणखी वेगाने पळते. आता आपल्या चेहऱ्यावरचं तेल घ्या. शंभर भागांत दहा-बारा भाग स्क्वालीन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्या एकेका रेणूत सहा दुहेरी बंध. ऊन लागलं की सगळ्यात आधी खवट होतं ते हेच. त्वचेतही तेच रसायन चालतं, फक्त बरणी जिवंत असते आणि तिच्याकडे स्वतःचे राखणदार असतात.

(क्रीमवाल्यांचं स्क्वालीनही मूळचं समुद्रातलंच. खोल पाण्यातल्या मुशींच्या, म्हणजे शार्कच्या, यकृतात ते इतकं ठासून भरलेलं असतं की क्रीमवाल्यांसाठी त्यांची बेसुमार शिकार झाली. आता ते ऑलिव्ह आणि उसापासूनही मिळतं आणि त्यातले दुहेरी बंध मिटवून त्याचं स्क्वालेन करतात, म्हणजे ते खवट होत नाही. आमच्याकडे मोरीचं, म्हणजे मुशीचंच, मटण चवीने खाणाऱ्या मंडळींना मी हे सांगते, तेव्हा ती माझ्याकडे अशी बघतात की जेवताना तरी गप्प बस.)

म्हातारपणाचा दोष या बिथरलेल्या रेणूंवर पहिल्यांदा ठेवला डेनहॅम हर्मन या अमेरिकी माणसाने, १९५६ साली. डॉक्टर होण्याआधी तो शेल कंपनीत रसायनतज्ज्ञ होता, पेट्रोलियममधले फ्री रॅडिकल त्याच्या ओळखीचे होते. जे तेलात घडतं ते माणसात का घडू नये, असा सरळ विचार. स्वतः ९८ वर्षं जगला. त्याचं म्हणणं आता जसंच्या तसं फारसं कोणी मानत नाही, कारण पेशी याच रेणूंचा वापर एकमेकींना निरोप पाठवायलाही करतात असं पुढे दिसलं. सगळेच्या सगळे मारून टाकायचे म्हटलं तर निरोप्येही मरायचे. पण जाहिरातीला अर्धीच गोष्ट लागते, आणि ती अर्धी गोष्ट गेली कितीतरी वर्षं उत्तम चालते आहे.

अँटिऑक्सिडंट काय करतो? आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि बिथरलेल्याला शांत करतो. दिला की संपला. ई जीवनसत्त्व पेशींच्या तेलकट पडद्यांत बसून हे काम करतं आणि खर्ची पडलं की सी जीवनसत्त्व त्याला पुन्हा उभं करतं, मग सी स्वतः खर्ची पडतं. या घराण्यातल्या बहुतेकांचा धर्म हाच, दुसऱ्याऐवजी आपण जळायचं. त्यामुळे अँटिऑक्सिडंटच्या बाटलीकडे बघताना मी पहिला प्रश्न विचारते तो परिणामाचा नव्हे. बाटलीत आता काही शिल्लक आहे का, हा.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दुकानात कदाचित पडणार नाही. इथे पडतो. घाट उतरून येणाऱ्या टेम्पोत मे महिन्यात खोके किती तापत असतील ते मला रिकामं करताना हाताला कळतं. व्हिटॅमिन सी सीरममध्ये असतं एल-ॲस्कॉर्बिक आम्ल, आणि हा रेणू उष्णता, उजेड, हवा, पाणी या सगळ्यांशी वैर धरून जन्माला आलेला. कातडीत शिरायला त्याला पीएच ३.५ च्या खालचं आम्ल लागतं, म्हणून लावल्यावर चुणचुणतं. प्रमाण १० ते २० टक्के. त्याहून जास्त घातलं तरी जास्त आत जात नाही. बाटली नवी असते तेव्हा पाण्यासारखी स्वच्छ किंवा अगदी फिकट, मग पिवळी, मग चहासारखी. चहासारखी झाली की आतलं सी बरंचसं मेलेलं असतं आणि तुम्ही महागडं आंबट पाणी चेहऱ्याला लावत असता. म्हातारपण रोखायला निघालेली बाटली चेहऱ्याच्या आधी म्हातारी होते, हे मी दर उन्हाळ्यात बघते.

यावर उपाय शोधण्यात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने बरीच वर्षं घालवली. २००५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेलं मिश्रण आज जगभर नक्कल होतं: १५ टक्के सी, १ टक्का ई आणि अर्धा टक्का फेरुलिक आम्ल. फेरुलिक घातल्यावर मिश्रण टिकायलाही लागलं आणि त्याने उन्हापासून मिळणारं संरक्षण चौपटीचं आठपट झालं. प्रयोग डुकराच्या कातडीवरचा, हे पुस्तिकेत बारीक अक्षरातसुद्धा नसतं. पण काम पक्कं होतं, आणि बाजारात अँटिऑक्सिडंट म्हणून जे ढीगभर विकलं जातं त्यात ज्याच्या पाठीशी खरोखर काही आहे अशा थोड्यांत मी ते धरते. गंमत म्हणजे फेरुलिक आम्ल भाताच्या कोंड्यात भरपूर असतं. आमच्या गिरणीतून तो कोंडा पोत्यांनी गुरांना जातो. तोच अर्क काचेच्या तीस मिलीच्या बाटलीतून चार आकडी किमतीने घाट उतरून परत येतो. कोंडा तोंडाला फासा असं मी म्हणत नाही, कोंड्यातलं फेरुलिक पेशीभित्तिकेला घट्ट जखडलेलं असतं आणि चोळून सुटत नाही. पण खोक्यावरचा परदेशी फुलाचा फोटो बघितला की मला गिरणीच आठवते.

माझ्या दुकानात ही सीरम इन्सुलिनच्या शेजारी, फ्रिजमध्ये राहतात. गिऱ्हाइकाला सांगते, पंधरा मिलीची मिळाली तर तीच घे, गडद काचेची घे, ड्रॉपर उघडा टाकून गप्पा मारू नकोस आणि घरी आंघोळीच्या खोलीत ठेवू नकोस. कॉलेजच्या मुली हल्ली दोघींत मिळून एक बाटली घेतात. काटकसर म्हणून घेतात, पण ताजेपणाच्या दृष्टीने तेच सगळ्यात शहाणपणाचं आहे. ज्यांना फ्रिजचं झंझट नको त्यांना मी सीकडे पाठवतच नाही. नायसिनामाइड, म्हणजे बी३ जीवनसत्त्व, हा गरीब स्वभावाचा रेणू आहे. उन्हाळा, प्रवास, पत्र्याचं छप्पर, सगळं सोसतो. तो काटेकोर अर्थाने अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतो की पेशीच्या आतल्या रसदेला हातभार लावून, यावर वाद घालता येईल, पण ५ टक्क्यांचं लावल्यावर बारा आठवड्यांत डाग आणि बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात असं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे. थोड्या. हा शब्द मी काउंटरवर जरा मोठ्याने उच्चारते.

क्रीमच्या डबीवर "विथ व्हिटॅमिन ई" छापलेलं असतं त्याबद्दलही एक सांगायला हवं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी, कोणत्याही क्रमाने. टोकोफेरॉल, म्हणजे हेच ई, बहुतेकदा त्या शेपटीतच सापडतं. तिथे ते तुमच्या गालासाठी नसतंच. क्रीममधलं तेल खवट होऊ नये म्हणून ते घालतात. राखणदार डबीचा, नाव चेहऱ्याचं. आणि टोकोफेरिल ॲसिटेट लिहिलं असेल तर तो कुलूप लावलेला ई. टिकतो छान, पण कातडीत गेल्यावर कुलूप निघालं तरच उपयोगी.

आता कोकमाकडे येते, कारण गेल्या काही वर्षांत "कोकम" हे नाव शॅम्पूपासून लिप बामपर्यंत सगळीकडे दिसतं आणि आमच्याकडे येणारे पर्यटक ते बघून हरखतात. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, पिकतात एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर. पाऊस लवकर आला की झाडाखाली लाल चिखल होतो आणि घरातल्या बायकांची नुसती धावाधाव. फोडून बिया वेगळ्या, साली वेगळ्या. सालींना त्यांच्याच रसाची पुटं चढवत उन्हात वाळवलं की आमसुलं, मीठ घालून रस मुरवला की आगळ. सालीच्या त्या गडद लाल रंगात अँथोसायनिन असतात, आणि ते खरेच सशक्त अँटिऑक्सिडंट आहेत. सालीत गार्सिनॉल नावाचाही एक पदार्थ आहे, त्यावर प्रयोगशाळांत बरंच काम झालेलं आहे.

पण क्रीममध्ये जातं ते कोकम बटर, आणि ते निघतं बियांतून. बिया वाळवायच्या, फोलपटं काढून गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारी चरबी काढून थंड होताना हाताने तिचे अंड्याएवढे गोळे वळायचे. पांढरट, कडक, आमच्या उन्हाळ्यातही सहसा घट्ट राहणारं हे भिरंडेल. अँथोसायनिन पाण्यात विरघळतात, चरबीत नाही, त्यामुळे सालीतला तो लाल राखणदार या गोळ्यात नसतोच. भिरंडेल उत्तम आहे ते वेगळ्या कारणाने. त्यातली बहुतेक चरबी स्टिअरिक आणि ओलिक आम्लांची, म्हणून ते सहजी खवट होत नाही आणि कातडीवर पातळ थर धरून आतलं पाणी उडू देत नाही. पळीत वितळवून टाचांच्या भेगांत सोडायचं, हा त्याचा जुना उपयोग, आणि आजही त्याहून चांगलं काही मी दुकानात ठेवत नाही. मात्र खोक्यावर सालीचा गुण छापायचा आणि आत बियांची चरबी भरायची, ही हातचलाखी बघून मला राग येतो. भिरंडेलला उसन्या गुणाची गरजच नाही.

आणि आगळ थेट चेहऱ्याला लावणाऱ्यांसाठी: अँथोसायनिनचे रेणू मोठे आणि पाणीप्रेमी, कातडीच्या तेलकट भिंतीतून ते सहज आत जात नाहीत. शिवाय साबणाने तोंड धुतलं की त्यांचा लाल रंग निळसर होतो. सोलकढी सांडलेला पांढरा सदरा ज्यांनी साबणाने घासला आहे त्यांना हे माहीत असणार. साबण अल्कधर्मी, कातडी किंचित आम्लधर्मी, पीएच पाचाच्या आसपास. अँटिऑक्सिडंटवर हजार रुपये घालून रोज अंगाच्या साबणाने चेहरा खसाखसा धुणाऱ्या बाया मी पाहते तेव्हा आधी साबण बदल म्हणून सांगते. त्यात माझा नफा कमी होतो, पण निदान गिऱ्हाईक परत येतं.

केसांचा विषय निघाला की दुकानात आवाज खाली येतात. पुरुषांचे जास्त. पांढरे केस दाखवायला पुरुष टोपी काढतो तो आजूबाजूला बघूनच.

केसाला काळेपणा देणारं मेलॅनिन केसाच्या मुळाशी बनतं आणि ते बनता बनता हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. कॅटालेज नावाचं विकर ते मोडून त्याचं पाणी आणि प्राणवायू करतं. वयाबरोबर कॅटालेज आटतं, पेरॉक्साइड साठतं आणि रंग बनवणारी यंत्रणाच आतून विरंजित होते, असं २००९ साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. हीच पूर्ण गोष्ट आहे असं नाही. रंगपेशी पुरवणाऱ्या मूळ पेशी संपणं, अनुवंश, धूम्रपान, बी१२ ची कमतरता, थायरॉइड, सगळ्यांचा हात असतो. पण यातली गंमत बघा. डायच्या पाकिटात दुसरी जी छोटी बाटली असते तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइडच असतं. ज्याने आतून केस पांढरा केला त्याचीच मदत घेऊन बाहेरून काळा करायचा. (डायमधल्या पीपीडी या रंग देणाऱ्या रसायनाची ॲलर्जी येते. कानामागे थोडा लावून दोन दिवस थांबा, हे मी प्रत्येकाला सांगते आणि जवळजवळ कोणीच थांबत नाही. लग्न उद्याच असतं.)

२००९ च्या त्या बातमीनंतर कॅटालेजच्या गोळ्या निघाल्या. कॅटालेज हे प्रथिन आहे, पोटात गेलं की त्याचं डाळीसारखंच पचन होतं. केसाच्या मुळापर्यंत ते टपालाने पोचत नाही. शॅम्पूत घातलं तरी बाहेर आलेला केस मेलेला आहे, त्याला पुन्हा काळं कोण करणार? म्हणूनच आपल्या कायद्याने औषधाला अकाली केस पिकणं बरं करण्याचा दावा करायला मनाई आहे. अकाली वार्धक्याचंही नाव त्याच यादीत आहे. सौंदर्यप्रसाधनवाले मग "दिसणं कमी करते", "तरुण भासते" अशा शब्दांच्या फटीतून चालतात, आणि त्या फटीतून चालण्याचं त्यांचं कसब वादातीत.

आवळ्याचं तेल हा आमच्या घरातला जुना वाद. आवळ्यात सी भरपूर, हे खरं. पण सी पाण्यात विरघळतं, तेलात नाही. आवळा तेलात उकळला की सी तेलात उतरत नाही आणि उकळीने जे मरायचं ते मरतं. बाजारातल्या बऱ्याच आवळा तेलांत तर पहिला घटक खनिज तेल असतो. आवळा खायचा असतो, लोणच्यात, मोरावळ्यात, नाहीतर नुसता मीठ लावून. माका, ब्राह्मी, जास्वंद घालून खोबरेल उकळण्याची आईची पद्धत मात्र मी मोडीत काढत नाही. माक्याने केस काळा होतो म्हणून नाही, खोबरेलामुळे. २००३ साली मुंबईतल्या दोघा संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली तेव्हा केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने स्पष्ट कमी झालं. ते दोघे खोबरेल विकणाऱ्याच कंपनीत होते हे ध्यानात ठेवूनही कारण पटण्याजोगं आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल छोटं आणि सरळ, ते केसाच्या आत शिरतं, बाकीची बाहेरच लोळत राहतात. आणि खोबरेल सुमारे ९० टक्के संपृक्त, म्हणून डोक्यावर दिवसभर राहूनही करडईसारखं खवट होत नाही. इथल्या माणसांनी दुहेरी बंध मोजले नव्हते. नाक होतं, आणि वखारीत ठेवलेलं कोणतं तेल किती दिवसांनी उग्र येतं याची पिढ्यांची नोंद नाकात होती.

गोळ्यांबद्दल मी जरा कडक आहे. बीटा-कॅरोटीन, ई, सेलेनियम असं सगळं एकत्र असलेल्या, "स्किन, हेअर, नेल्स" लिहिलेल्या कॅप्सूल लोक स्वतःहून मागतात, चेहऱ्याला लावून उपयोग नाही तर पोटातून तरी, असा हिशेब. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. १९९४ साली निकाल आला, तो असा की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजर खाऊन असं होत नाही. गोळीतून नेमका एकच रेणू मोठ्या मात्रेत ओतल्यावर होतं. बिडी ओढणारा कोणी असली कॅप्सूल मागायला आला की मी ती देत नाही. तो पुढच्या दुकानातून घेतो, ते मला दिसतं.

त्वचेच्या म्हातारपणाबद्दल मला सगळ्यात पटलेली चाचणी मात्र ऑस्ट्रेलियातली, क्वीन्सलँडमधल्या नॅम्बूर गावची. ५५ वर्षांखालचे ९०३ लोक. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना वाटेल तेव्हा. शिवाय काहींना बीटा-कॅरोटीनची गोळी, काहींना नुसतीच बनावट गोळी. साडेचार वर्षांच्या अंतराने हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूचे ठसे घेऊन तुलना केली. २०१३ साली निकाल छापून आला: रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय २४ टक्क्यांनी कमी वाढलं. अँटिऑक्सिडंट गोळीने एकंदरीत काहीच फरक पडला नाही. एकाच गावात, एकाच उन्हात, एकाच वेळी दोघांची परीक्षा झाली आणि एकच पास झाला. एमआरला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सनस्क्रीनपण आहे." धंद्यात असंच असावं लागतं.

ऊन कसं काम करतं याचा एक फोटो डॉक्टरांच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला, ६९ वर्षांच्या एका अमेरिकी ट्रकचालकाचा. २८ वर्षं ट्रक चालवलेला. खिडकीकडच्या डाव्या गालावर खोल घड्या, उजवा गाल वीस वर्षांनी तरुण वाटावा असा. काचेत उन्हातले यूव्हीबी हे अतिनील किरण अडतात, यूव्हीए हे दुसरे बरेचसे आत येतात आणि कातडीला घट्ट धरणारं कोलॅजेन हे प्रथिन तोडणाऱ्या विकरांना जागं करतात. आमच्याकडे चालक उजवीकडे बसतो. एसटीच्या चालकाचा उजवा हात कधी निरखून बघा.

आपल्या कातडीतलं मेलॅनिन हेही अँटिऑक्सिडंटच आहे, आणि ऊन शोषणारंही. फुकटचं, न पिवळं पडणारं, फ्रिज न लागणारं. तेच खरवडून काढायला लोक माझ्याकडे स्टेरॉइडची क्रीम मागतात, मैत्रिणीने सांगितली म्हणून. २०१८ पासून ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात. यावर मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही, कारण लिहायला बसले की आवाज चढतो.

वेंगुर्ल्याहून फार लांब नसलेल्या एका बंदरावर मी मासळीला जाते. उन्हाळ्यात इथे दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर असतो, म्हणजे मोजपट्टीच्या शेवटच्या, जांभळ्या खान्यात. त्यात वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्के किरण परत फेकतो, म्हणजे नुसतं वरून नाही, खालूनही. गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, बायका तिथे होड्या लागल्यापासून लिलाव संपेपर्यंत बसून असतात. डोक्यावर पाटी असते तोवर सावली आपोआप मिळते. पाटी उतरवून मासे मांडले की सावली गेली. चाळिशीतली बाई साठीची दिसते असं बाहेरगावचे लोक म्हणतात आणि त्यात एक कीव असते, ती मला आवडत नाही. त्या बायकांच्या सुरकुत्या सीरमच्या अभावाने आलेल्या नाहीत. त्यांच्या ताटात मासे, सोलं, नारळ, पालेभाज्या असतात, शहरातली माणसं गोळीतून जे शोधतात त्यातलं बरंचसं त्यांच्या रोजच्या जेवणात आहे. अभाव आहे तो छपराचा.

माझी नेहमीची मासेवाली मला दुकानातही भेटते, भेगांचं काहीतरी न्यायला येते. एकदा तिने काउंटरवर पडलेली सीरमची पुस्तिका उचलली, दोन बायांचे फोटो पाहिले, आधीचा आणि नंतरचा.

"ह्यां लावल्यार सुरकुत्यो जातत?"

"थोड्या," मी म्हटलं. "पण मावशी, तुम्ही ते नका घेऊ. त्यापेक्षा सनस्क्रीन लावा."

मग मी तिला हिशेब सांगितला. चेहरा आणि मान मिळून एका वेळेला सव्वा ग्रॅम तरी लागतं, याहून कमी लावलं तर खोक्यावरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासूनच्या बचावाचा आकडा, मिळत नाही. उन्हात बसणारीने दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, घामाने जातं. सकाळभरात तीनदा धरलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दोन आठवडेही जात नाही. किंमत ऐकून ती हसली. तिला दिवसाला सुटणाऱ्या पैशांशी तिने ती लगेच ताडून पाहिली असणार. मी म्हटलं, मग लांब बाह्यांचं घाला, मोठी छत्री घ्या, छत्रीला एकदाच पैसे पडतात.

"छत्री धरू काय मासो कापू?"

"मग बंदरावर छप्पर मागा."

तिने पुस्तिका काउंटरवर परत ठेवली आणि कमरेची चंची उघडून भेगांच्या मलमाचे पैसे मोजायला घेतले. "शेड घालतले म्हणान दोन निवडणुको झाल्यो," ती म्हणाली. "तवसर पुरतली काय तुजी ही ट्यूब?"